इल्या, ती ओ माझी होती

इल्या,

तू गेल्याची बातमी ग्रुपवर आली, तेव्हा पहिलं अभिनंदन माझं होतं.

चष्मा घरी राहिला होता. शाळेच्या ऑफिसात डबा खाऊन मी हात पुसत होतो, तेवढ्यात मोबाईल वाजला. आपला दहावीचा ग्रुप. उघडला तर तुझा तोच फोटो. खांद्यावर शाल, हातात काचेची ट्रॉफी, आणि तोंडावर ते 'मी कुठं काय केलं' असं हसू. गेली दोन वर्षं तुझ्या पिक्चरला कुठं बक्षीस मिळालं की कुणीतरी हाच फोटो टाकायचं. मला वाटलं, मिळालं याला अजून एक. खालची ओळ न वाचताच मी लिहिलं, 'हार्दिक अभिनंदन! आणखी एक! आता तरी थांब.' वर फुलांचा गुच्छ.

ग्रुप गार पडला. मग एकापाठोपाठ एक जोडलेले हात यायला लागले. मला वाटलं, लोक तुझ्या कलेपुढं हात जोडतायत. म्हटलं, हद्द झाली आता. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि त्या म्हणाल्या, ''सोपानराव, अहो हे गेले!''

घाईघाईनं मेसेज डिलीट केला, तो 'फक्त माझ्यासाठी' डिलीट झाला. म्हणजे सगळ्या मावळाला दिसत राहिला आणि मला तेवढा दिसायचा बंद झाला. आयुष्यात एकदाच तुझ्यावर शेवटचा शब्द माझा पडला, आणि तोही मला वाचता येत नाही.

सॉरी म्हणणार नाही. कामशेतची मंडळी तुझ्या आठवणींचं एक छोटं पुस्तक काढतायत. त्यांनी मला सांगितलं, तुम्ही बालमित्र, तुम्ही लिहा. त्यांना वाटतं मी गोड लिहीन. पण तू माझ्या घरातली गोष्ट मला न विचारता पडद्यावर लावलीस. आता तुझी गोष्ट माझ्या हातात आहे, आणि एडिटिंगला तू नाहीस. ही संधी मी सोडीन असं वाटलं असेल, तर तू मला ओळखलंच नाहीस.

ज्यांनी तुझा पिक्चर पाहिला नाही (मावळात असा माणूस शोधावा लागेल) त्यांच्यासाठी आधी खरं काय घडलं ते सांगतो.

माझी आई गेली त्या वर्षीची भातलावणी. आमचं खाचर वडिवळ्यात, बांधाला बांध लागून तुझ्या मामांचं. मी आठ-नऊ वर्षांचा. आबा, म्हणजे माझे वडील, खाचराच्या पार त्या टोकाला बैलांमागं चिखलणी करत होते. बायका वाकून रोपं लावत होत्या. मी बांधाच्या भोकात पाय घातला आणि खेकड्यानं अंगठा धरला. मी बोंबललो, ''आयेऽऽ!''

आमच्याकडं आईला आये म्हणत. ठेच लागली तरी तोंडातून तेच निघतं, त्यात विचार नसतो. पण हाक गेली आणि सगळं खाचर थांबलं. बायकांचे हात चिखलात तसेच राहिले. कुणी वर बघेना. जिला हाक मारली ती नव्हतीच.

तेवढ्यात त्या टोकाकडनं आवाज आला. ''ओ! काय रं?''

आबांनी बैलसुद्धा थांबवले नव्हते. जन्मापासून आपलंच नाव आये असल्यासारखी ओ दिली.

''खेकडा, आबा!''

''मंग सोड की त्याला!''

''त्यानं मला धरलंय!''

''मंग त्याला सांग सोड म्हणून. मला काय सांगतो?''

बायका हसल्या, हात पुन्हा चालायला लागले. संध्याकाळी त्या खेकड्याचं कालवण झालं आणि मी दोन भाकरी खाल्ल्या. त्यानंतर कधीही चुकून माझ्या तोंडून आये निघालं, की आबा जिथं असतील तिथून ओ द्यायचे. कधी दुरुस्त केलं नाही, कधी जवळ घेतलं नाही, कधी त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. एवढंच. याच्यापलीकडं एक थेंब नाही.

हे मी तुला एकट्याला सांगितलं होतं. पवनानगरच्या एका लग्नाच्या शूटिंगला तुझा लाइट धरायचा पोरगा आला नाही, म्हणून तू मला नेलंस. पन्नाशीला टेकलेला शाळेचा हेडक्लार्क हळदीत लाइट धरून उभा. परत येताना गाडी पंक्चर झाली आणि तू स्टेपनी लावत होतास तेव्हा मी रस्त्याकडेला दगडावर बसून बोलून गेलो. तू पान्यावर पाय देऊन उभा होतास. एवढंच म्हणालास, ''हे बेस्ट आहे सोप्या.''

मला वाटलं, पान्याबद्दल बोलतोयस.

वर्षभरानं 'बांधावरची हाक' आला. अठरा मिनिटांचा. आबांच्या कामाला तू नाटकातला एक गोरा गृहस्थ आणलास. त्याचं धोतर चिखलणी करताना दुधासारखं पांढरं! पोरगा हाक मारतो. गृहस्थाच्या हातातून कासरा गळून पडतो. मग स्लो मोशन. मग बासरी. इल्या, लावणीच्या दिवसात आमच्या खाचरात बेडूक ओरडायचे आणि आबा बैलांना शिव्या द्यायचे. बासरी कुठून आली? मग गृहस्थाचे डोळे भरतात, तो पळत येतो, पोराला छातीशी धरतो आणि रडतो. इतका वेळ रडतो की तेवढ्यात खेकडा अंगठा तोडून घरी गेला असता.

आणि ओ? ओ कुठाय? ओ देतच नाही तो! गळा दाटून येतो म्हणे त्याचा.

तुझी ही खोड जुनी. मावळातल्या नवऱ्या रडवण्यात तुझी हयात गेली. पाठवणीला एखादी रडली नाही तर तू कॅमेरा खाली घ्यायचास आणि म्हणायचास, ''ताई, जरा डोळ्याला पदर लावा ना. नंतर बघताना बरं वाटतं.'' आमच्या लग्नात माझ्या मंगलला तू हेच म्हणालास. ती म्हणाली, ''मला नाही रडू येत. मी दोन स्टेशनं पलीकडं चाललेय.'' तरी तू तिला पदर लावायला लावलास आणि खाली गाणं टाकलंस. आजही ती कॅसेट निघाली की मंगल म्हणते, ''ही बाई कोण रडतेय?'' तेव्हा हसलो होतो. वाटलं नव्हतं की हाच पदर एक दिवस माझ्या बापाच्या डोळ्याला लावशील.

पहिला खेळ तू वडिवळ्यात देवळापुढं लावलास, पांढरा पडदा बांधून. आबांना पुढच्या खुर्चीत बसवलंस, नारळ दिलास. मी मागं उभा होतो. रडायचा शॉट आला. बायकांनी डोळे पुसले. आबा मान वाकडी करून बघत होते. मग ते शेजारच्याला म्हणाले, कान गेल्यामुळं जरा मोठ्यानंच, ''ह्यो कशाला रडतोय? बैल मेला का ह्याचा?''

शेजारचा म्हणाला, ''आबा, ते तुमीच हाय!''

''मी?'' आबा म्हणाले. ''पोरानं हाक मारली, मी ओ दिली. रडायचं काय त्यात?''

लोक हसले. तूही हसलास. मी हसलो नाही, कारण दुसऱ्या दिवशी काय होणार ते मला दिसत होतं आणि तसंच झालं. बायका आबांना डबे आणून द्यायला लागल्या. धरणावर तंबू लावायला येणारी शहरातली पोरं पाया पडून फोटो काढायला लागली. बाजारात भाजीवाला मला म्हणाला, ''तुमचं आबा बिचारं लय सोसलं वो.'' बिचारं! आई गेल्यापासून चाळीस-बेचाळीस वर्षं या माणसानं कुणाला आपल्याला बिचारं म्हणायची संधी दिली नव्हती. त्यासाठी तो भाकरी करायला शिकला, माझ्या चड्डीला ठिगळं लावायला शिकला, आणि शिव्या तर आधीपासूनच येत होत्या. ते सगळं तू एका थेंबात घालवलंस. तोही थेंब ग्लिसरिनचा.

तुझ्या फोटो-शूटिंगच्या दुकानात येऊन मी टेबलावर हात आपटला तो दिवस तुला आठवत असेल. हात चुकून स्टेपलरवर आपटला आणि भांडण सुरू व्हायच्या आधी वहिनींनी मला हळद लावली, हेही आठवत असेल.

''तो शॉट काप,'' मी म्हणालो.

''सोप्या, तो रडला न्हाई तर पब्लिकला कळणार कसं?''

''काय कळायचंय?''

''त्याला काय वाटलं ते.''

''ते मलापण अजून कळलेलं नाही. पब्लिकला कशाला कळायला पाहिजे?''

तू खुर्चीत मागं टेकलास. मग म्हणालास, ''एक काम कर. तू एकदा मनापासून म्हण, पिक्चर चांगला झालाय. मी आत्ता, तुझ्यादेखत शॉट कापतो.''

''तू आधी काप. मग म्हणतो.''

''तू आधी म्हण.''

दोन वर्षं आपण तिथंच उभे होतो. लग्नात भेटलो, बारशात भेटलो, कामशेतच्या फाटकात गाड्या समोरासमोर अडकल्या तेव्हा भेटलो. तू काच खाली करून विचारायचास, ''म्हणतोस का?'' मी विचारायचो, ''कापलास का?'' मागचे हॉर्न वाजवायचे. पुढं तर लोकांना वाटायला लागलं, ही आपली रामराम करायची पद्धत आहे.

एकदाच मी वेगळं विचारलं. तू धरणाच्या भिंतीवर ड्रोन उडवायला गेला होतास आणि मी आबांचा डबा पोचवून परत चाललो होतो. म्हटलं, ''इल्या, तुझ्या घरात काय कमी होतं का? तुझा बाप तुझ्या जन्मानंतर वर्षाच्या आत गेला. शांतामावशीनं तुला मामाकडं ठेवलं, लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात हात पोळून घेतले, तुला शिकवलं. पोर आणि विधवा आई, हीच गोष्ट तुझी होती की. तिच्यावर काढायचा पिक्चर. माझा बाप कशाला उचललास?''

तू ड्रोनकडं बघत होतास. म्हणालास, ''तिच्यावर काय काढणार? मी हाक मारायचो तेव्हा ती तितं नसायचीच. रविवारी यायची. रविवारी मला हाक मारायची सवय ऱ्हायची न्हाई.''

आणि लगेच म्हणालास, ''बॅटरी उतरली वाटतं.'' उतरलीच होती. ड्रोन धरणात पडला. तू बराच वेळ पाण्याकडं बघत राहिलास, आणि मी भांडणात जिंकलेला मुद्दा तिथंच टाकून घरी गेलो. तो मुद्दा तेवढा मी तुला माफ केला. तेवढाच.

पण त्या दिवसापासून एक जुनं कुसळ पुन्हा टोचायला लागलं. तेही काढून ठेवतो.

खेकड्याच्या दुसऱ्या दिवशी तू मामांच्या बांधावर उभा राहून कमरेवर हात ठेवून ओरडलास, ''आयेऽऽ!'' मला चिडवायला. निदान मी तसं धरलं. मी चिखलाचा गोळा उचलला. आणि आबांनी, त्याच टोकाकडनं, त्याच आवाजात, ओ दिली. ''ओ! काय रं इलास?''

कुणाचं पोर ते बघितलंसुद्धा नाही. म्हणजे बघितलं, नाव घेतलं, आणि तरी दिली.

तू हसला नाहीस. बांधावर उभा राहिलास आणि मी मारलेला गोळा छातीवर घेतलास. त्या रविवारी शांतामावशी चिक्कीचा चुरा घेऊन आली तेव्हा त्यातला अर्धा तू कागदात बांधून आबांना आणून दिलास. मला एक खडा दिला नाहीस. आबांचे दात पडल्यावरसुद्धा दर दिवाळीला चुरा येतच राहिला. आबा तो चहात बुडवून चोखत बसायचे आणि मंगल म्हणायची, ''या वयात साखर कशाला त्यांना?'' त्या एका बाबतीत तुझे उपकार आहेत म्हण. बाकी कशात नाहीत.

आणि ओ माझी होती, इल्या. सगळ्या खाचरात माझी म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती. ती तू आधी बांधावरून उचललीस, मग पडद्यावर नेलीस, आणि नेलीस ती नेलीस, पिक्चरमधून गाळून टाकलीस.

आता घाटावरचं सांगतो. तुला बघायला मिळालं नाही. की मिळालं, कोण जाणे.

दहाव्याला निम्मा मावळ आला होता. तू ज्यांची ज्यांची लग्नं शूट केलीस ते सगळे, मी आणि मंगलसुद्धा. एवढे मोबाईल वर होते की तुला बरं वाटलं असतं. पिंड ठेवला, लोक मागं सरले. समोरच्या जांभळावर कावळे बसलेले, तीन-चार, चांगले धष्टपुष्ट. एकही खाली उतरेना.

तुझा मेहुणा पुढं झाला. ''भावजी, दुकान बंद पडू देणार न्हाई.'' कावळा ढिम्म. तुझी अस्मिता म्हणाली, ''पप्पा, मी आईला सोडून कुठं जाणार नाही.'' तरी ढिम्म. कुणीतरी मागून ओरडलं, ''इलासराव, धरणातला ड्रोन आमी काढू!'' त्यावर एका कावळ्यानं मान तिरकी केली, पण उतरला नाही.

मग हळूहळू सगळे माझ्याकडं बघायला लागले. सगळ्यांना ठाऊक होतं तुझं काय राहिलंय. वहिनींनीसुद्धा बघितलं. मेहुणा म्हणाला, ''सोपानराव, आता तरी म्हणा. एका वाक्याचा तर प्रश्न हाय.''

खरं सांगू? मला आनंद झाला. दोन वर्षं तू मला ताटकळत ठेवलंस, आता तू अडकला होतास आणि मी फाटकात उभा होतो. ते वाक्य माझ्या खिशात होतं. मी ठरवलं, नाही म्हणायचं. बस जांभळावर. तिकडं एडिटिंगची सोय असेल तर आधी शॉट काप, मग बघू.

हे तुला तोंडावर सांगावं म्हणून मी दोन पायऱ्या खाली उतरलो. हात जोडले. ''इल्या,'' म्हणालो, ''तुझा पिक्चर...'' आणि शेवाळावरून पाय सटकला. गुडघ्यावर आपटलो, सगळ्या लोकांपुढं, आणि तोंडातून निघालं, ''आयेऽऽ!''

घाट थांबला. तसाच, खाचरासारखा.

आबा मागं प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, काठीवर हनुवटी टेकून. त्यांना हल्ली शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही. हे कसं ऐकू आलं मला विचारू नकोस. त्यांनी मान वर केली आणि ओ दिली.

''ओ! काय रं?''

आणि कावळा उतरला. एक नाही, दोन. माझ्या डोक्यावरून जाऊन सरळ पिंडाला शिवले. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, वहिनींनी तोंडाला पदर लावला, कुणी न सांगता. मी पायरीवर बसून होतो. पडलो मी, गुडघा फुटला माझा, हाक माझी, आणि ओ गेली तुला. याला काय म्हणायचं, तूच सांग.

आबा काठी टेकत खाली आले. त्यांनी खांद्यावरचा पंचा माझ्यापुढं धरला. ''खेकडा हाय का?'' म्हणाले. मी म्हटलं, ''न्हाई आबा, घसरलो.'' पंचा घेऊन मी तोंडाला लागलेला चिखल पुसत बसलो. चिखल बराच होता. वेळ लागला.

तर इल्या, हिशेब असा की मी ते वाक्य बोललो नाही. घाटावर नाही, इथंही नाही. तुझी अस्मिता परवा आली होती. म्हणाली, ''काका, पप्पांची फाइल कॉम्प्युटरवर आहे. तुम्ही सांगाल तर तो रडायचा शॉट मी कापते.'' मी तिला सांगितलं, हात लावू नकोस. तू मला गृहस्थाच्या रडण्यासकट अठरा मिनिटं सोसायला लावलंस, आता तूही तो शॉट तसाच घेऊन फीर. सगळ्यांनी म्हणू दे, विलासरावांना ओ देता आली नाही, म्हणून त्यांनी बासरी वाजवली. हाच माझा सूड. खेकड्याचं काम मात्र बरं झालंय. खेकड्यापुरतं म्हणतोय.

हे सगळं लिहून काल मंगलला वाचायला दिलं. मेथी निवडता निवडता तिनं वाचलं. मध्ये एकदा हसली, बहुतेक स्टेपलरशी. संपल्यावर कागद बाजूला ठेवले आणि पुन्हा मेथी घेतली.

''कसं झालंय?'' मी विचारलं.

''बरं झालंय,'' ती म्हणाली. ''पण घाटावरचा एक शॉट कापलात तुम्ही.''

''कुठला?''

''चिखल तुमच्या गुडघ्याला लागला होता. तोंडाला नव्हता.''